चिमट्यातला आरसा

कवळी चांगली झाली तर कोणाच्या लक्षात येत नाही, आणि वाईट झाली तर प्रत्येक घासाला ती करणाऱ्याचा उद्धार होतो. अशा धंद्यात एकतीस वर्षं काढलेल्या ताईंची प्रयोगशाळा दवाखान्यांच्या रस्त्यावर, औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. प्रयोगशाळा म्हणजे एक लांब टेबल, पॉलिशची दोन फिरती चाकं, प्लास्टरची पोती आणि फळीवर ओळीने मांडलेले अनोळखी लोकांचे जबडे. दंतवैद्य मापं पाठवायचे, ताई त्यावरून प्लास्टरचा साचा ओतायच्या, साच्यावर कवळी करायच्या आणि परत धाडायच्या. ती ज्यांच्या तोंडात जायची त्यांचं तोंड ताईंनी सहसा पाहिलेलं नसायचं. "माझी सगळी गिऱ्हाइकं प्लास्टरची," त्या म्हणायच्या, "म्हणून उलटून बोलत नाहीत."

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी त्या जवळच्या शाळेच्या गच्चीवर शनी बघायला गेल्या. शाळेत दर शनिवारी आकाश बघणाऱ्यांचं एक मंडळ जमायचं आणि महिन्यातून एकदा बाहेरच्यांनाही बोलवायचं. रांगेतले बाकीचे लोक कडी पाहून "वा, वा" म्हणत पुढे सरकले. ताईंनी दुर्बिणीला डोळा लावला, काढला, आणि विचारलं, "आतला आरसा कोणी पॉलिश केलाय?"

दुर्बीण सांभाळत उभे होते ते शाळेचे निवृत्त ड्रॉइंगमास्तर. वीस वर्षांत त्यांना शनीबद्दल सगळं विचारून झालं होतं. हा प्रश्न पहिल्यांदाच आला. "मी," ते म्हणाले. "का हो, काही दिसलं का?"

"नाही. काही दिसत नाही, म्हणूनच विचारलं."

मास्तरांनी याचा अर्थ प्रशंसा असा घेतला, आणि तो बरोबर होता.

पुढच्या दोन वर्षांत ताईंनी मंडळात एक लहान आणि एक मध्यम आरसा घासला. काचेवर काच घासून खळगा पाडायचा, मग राळेच्या लादीवर गुलाबी भुकटीने पॉलिश करायचं, मग तपासायचं, परत पॉलिश करायचं. हा प्रकार महिनोन्‌महिने चालतो. मंडळातल्या अर्ध्या लोकांचे आरसे पलंगाखाली अपुरे पडून होते. ताईंचे पुरे झाले. म्हणून शाळेने गच्चीवर कायमची मोठी दुर्बीण बसवायचं ठरवलं तेव्हा तिच्या दहा इंची आरशाची काच मास्तरांनी ताईंच्या हातात दिली. नळी तयार होती, घुमट तयार होता. पाच महिने उलटल्यावर शाळेच्या हेडबाईंनी एकच अट घातली: या महिन्याच्या तीस तारखेला आरसा माझ्या टेबलावर हवा, नाहीतर मी बाहेरून तयार मागवणार. मागणीचं पत्र त्यांनी टाइप करून ठेवलेलं होतं. हेडबाई कोणतीही धमकी टाइप केल्याशिवाय देत नसत.

आता तपासण्याबद्दल. मास्तर आरसा सावलीवरून तपासायचे. दिव्याच्या बारीक झोतासमोर ब्लेडची धार हळूच आणायची आणि आरशावर जी सावली पसरते ती डोळ्यांनी वाचायची. ही कला आहे, आणि कलेचा जो त्रास असतो तो हिलाही आहे: पाच जणांनी सावली वाचली की सहा मतं होतात. ताईंना मतं नको होती. त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं आणि दोन डोळ्यांचंच आपसात जमत नव्हतं. म्हणून त्यांनी पट्ट्यांची तपासणी शिकून घेतली.

लेसरच्या पेनाचा तांबडा किरण, जुन्या प्रोजेक्टरमधून काढलेला काचेचा ठोकळा, नखाएवढं भिंग आणि तेवढाच सपाट आरसा, एवढंच सामान एका फळीवर. ठोकळा किरणाचे दोन वाटे करतो. एक वाटा दहा फूट जाऊन अख्खा आरसा फिरून येतो, दुसरा नुसता मधोमध टेकून परततो. दोघं पुन्हा भेटले की त्यांच्यातल्या मतभेदाचे काळे-तांबडे पट्टे उमटतात. कॅमेऱ्याने त्यांचा फोटो काढायचा. पट्टा जिथे नको तितका वाकतो तिथे काच उंच आहे किंवा खोल. किती, तर केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातला एखादा-दुसरा. जुना लॅपटॉप पाच मिनिटं घरघर करून नकाशा काढायचा आणि शेवटी शंभरापैकी एक आकडा द्यायचा. त्या आकड्याशी वाद घालता येत नाही, हे ताईंना फार आवडलं होतं.

घरात दहा फुटांची सरळ जागा एकच: झोपायच्या खोलीत आरसा, स्वयंपाकघराच्या दारात फळी, मधे उघडं दार. कोणी चाललं की पट्टे थरथरायचे, फ्रिज सुरू झाला की नाचायचे, इमारतीची लिफ्ट हलली की नाहीसेच व्हायचे. त्यामुळे तपासणी रविवारी, दुपारच्या जेवणानंतर. घरात या प्रकाराला "पट्टे" एवढंच नाव होतं. सासूबाई खुर्चीत बसून विचारायच्या, "आज पट्टे आहेत का?"

"आहेत, आई. वीस मिनिटं."

"मग श्वास घेऊ, की तोही बंद?"

"घ्या, पण तिकडे तोंड करून घ्या."

आरसा उभा धरणारा स्टँड ताईंच्या यजमानांनी केला होता. ते बस डेपोत टाइमकीपर होते. निवृत्त झाल्यावर वेळ कोणाची राखायची हा प्रश्न पडला आणि ते सुतारकामाकडे वळले. स्टँड देखणा होता. खाली आरशाची कड टेकायला दोन खुंट्या, आणि वरून एक स्क्रूचा चिमटा, कापडाचं अस्तर लावलेला. चिमट्याची कल्पना त्यांची स्वतःची. पाच महिन्यांची मेहनत फरशीवर पडून फुटू नये म्हणून. ताईंनी आरसा ठेवला की ते येऊन स्क्रू तपासायचे आणि अर्धा फेरा आणखी पिळायचे. बायकोच्या कामाविषयी त्यांना वाटणारा आदर या अर्ध्या फेऱ्यातून व्यक्त व्हायचा. तोंडाने तो कधी झाला नव्हता.

आरशाच्या कडेवर तांबड्या रंगाचं एक टिंब होतं. "टिंब नेहमी वर," हा मास्तरांचा नियम. रोज आरसा त्याच बाजूने ठेवला तरच आजचं माप कालच्याशी ताडून बघता येतं. ताई शिस्तीच्या; एकदाही टिंब चुकलं नाही.

पट्ट्यांनी जे सांगितलं ते असं की काच किंचित पिळवटलेली आहे: उभ्या दिशेने चढ, आडव्या दिशेने उतार. ताईंना यात नवीन काहीच नव्हतं. दंतवैद्य कवळी परत पाठवतात तेव्हा तिच्यावर पेन्सिलीची खूण असते: इथे टोचते. जिथे टोचतं तिथे घासायचं. एकतीस वर्षांत त्यांचा अंगठा असा तयार झाला होता की नुसत्या दाबातला फरक त्याला न सांगता कळायचा. त्यांनी आरशाच्या चढाच्या जागी अंगठ्याखाली छोटी लादी फिरवली. रविवारी पट्टे घेतले, सोमवारपासून पुन्हा अंगठा. पंचाहत्तर झाले, ब्याऐंशी झाले, नव्वद झाले. नऊ तारखेच्या आदल्या रविवारी लॅपटॉपने सत्त्याण्णव दिले.

"सत्त्याण्णव म्हणजे?" टाइमकीपरांनी विचारलं.

"म्हणजे झाला."

"उरलेले तीन?"

"ते कोणालाच मिळत नाहीत."

नऊ तारखेला, शनिवारी, त्या आरसा आणि पट्ट्यांची फळी दोन्ही घेऊन शाळेत गेल्या. मंडळाचा नियम होता की दोघांची तपासणी जुळली आणि दोघांच्या सह्या झाल्या की आरसा चकाकीचा मुलामा चढवायला पाठवायचा. मास्तरांनी आरसा आपल्या स्टँडवर ठेवला. त्यांचा स्टँड ओबडधोबड. खाली कॅनव्हासचा पट्टा झोळीसारखा टांगलेला, त्यात आरसा नुसता विसावलेला. त्यांनी ब्लेड आणलं, सावली पाहिली, मान डोलावली. "सुंदर. कुठे डाग नाही."

मग ताईंनी आपली फळी लावली. तीच फळी, तोच लेसर. लॅपटॉपने घरघर करून चौऱ्याहत्तर दिले.

त्यांनी खिडक्या बंद केल्या, सगळ्यांना बाहेर काढलं, अर्धा तास थांबून पुन्हा घेतलं. चौऱ्याहत्तर.

"हवा लागली असेल," मास्तर म्हणाले. "माझी सावली स्वच्छ आहे. घरचे पट्टे सत्त्याण्णव म्हणतात. झाली की दोन मतं. आणा इकडे कागद, मी सही करतो."

"आणि हे चौऱ्याहत्तर?"

"ताई, आरसा एक, आकडे दोन. एक धरायचा, एक सोडायचा."

"कुठला धरायचा ते आपण ठरवायचं?"

"तेवीस वर्षं मी तेच करतोय," मास्तर म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. असली पिळवट सावलीत दिसत नाही; त्यामुळे आजवर मास्तरांना ती कधी भेटलीच नव्हती. जे दिसत नाही त्याच्याविषयी मास्तरांचं मत नेहमीच उदार असायचं.

ताईंनी आरसा पेटीत घालून परत आणला. घरी टाइमकीपरांनी सगळं ऐकून घेतलं. "सगळे पास करतायत," ते म्हणाले, "आणि तूच स्वतःला नापास करत बसलीयेस. त्यांचा स्टँड बघितलास ना? झोळी आहे नुसती. वाकणार नाही तर काय होईल."

हे पटण्यासारखं होतं. दोन स्टँडपैकी एक चूक, आणि त्यातला एक झोळी. ताईंनी दोन दिवस तसंच मानायचा प्रयत्न केला.

मंगळवारी एका दंतवैद्याकडून कवळी परत आली, वरच्या जबड्याची. सोबत त्या दवाखान्यातली नर्स होती. "आजोबा फार वैतागलेत. बोलताना खाली पडते म्हणतात. काल फोनवर बोलता बोलता पडली."

ताईंनी साचा फळीवरून काढला आणि कवळी त्यावर बसवली. टक्‌ करून बसली. मधे कागद जाईना. "साच्यावर तर एक नंबर बसते."

"पण आजोबांच्या तोंडात नाही बसत."

"मग माप घेताना हललंय. साचाच वाकडा आलाय. वाकड्या साच्यावर मी कितीही सरळ काम केलं तरी ती साच्यालाच बसणार, तोंडाला नाही. नवीन माप पाठवायला सांग डॉक्टरांना."

नर्स जिना उतरून गेली. ताई साच्यावर बसलेल्या कवळीकडे पाहत उभ्या राहिल्या. ही चूक त्या एकतीस वर्षं दुसऱ्यांना समजावून सांगत होत्या. मग त्यांनी चाकं बंद केली, दुपारी तीन वाजता प्रयोगशाळेला कुलूप लावलं, आणि घरी आल्या. कामाच्या दिवशी तीन वाजता त्या घरी आल्याचं सासूबाईंना फक्त एकदा आठवत होतं, आणि तेव्हा कोणीतरी गेलं होतं.

"कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"कोणी नाही. पट्टे आहेत."

त्यांनी आरसा स्टँडवर ठेवला, टिंब वर. टाइमकीपरांनी सवयीने येऊन चिमटा अर्धा फेरा पिळला. सत्त्याण्णव. मग ताईंनी आरसा पाव फेरा फिरवला, टिंब उजवीकडे. टाइमकीपरांनी पुन्हा अर्धा फेरा पिळला. पट्टे असे वाकले की आकडा बघायची गरज नव्हती, पण ताईंनी बघितला. तीस.

ताईंनी कागदावर दोन ओळी लिहिल्या. काचेतला दोष काचेबरोबर फिरतो. स्टँडचा दोष जागेवर राहतो. टिंब वर असताना दोघं एकमेकांना पुसून टाकत होते, टिंब बाजूला गेल्यावर दोघांची बेरीज झाली. म्हणजे आरसा या स्टँडवर पिळवटत होता, आणि पाच आठवडे ताईंचा अंगठा ती पिळवट नाहीशी होईपर्यंत उलटी पिळवट काचेत घालत होता. चांगली काच त्यांनी स्वतः वाकडी केली होती, शिस्तीत, टिंब वर ठेवून. आरसा फक्त या एका स्टँडवर शहाणा होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "चिमटा काढा."

"पडेल."

"मी धरते. काढा."

चिमटा निघाला. आरसा दोन खुंट्यांवर नुसता टेकला, मागे कापडाची गुंडाळी. टिंब वर: चौऱ्याहत्तर. उजवीकडे: चौऱ्याहत्तर. खाली, डावीकडे: पुन्हा तेच, एखाद्या आकड्याने इकडेतिकडे. मास्तरांची झोळी खरं बोलत होती.

टाइमकीपरांनी हातातला चिमटा उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे तो मी दाबत होतो," ते म्हणाले.

"दाबत होतात तुम्ही. घासला मी."

"किती दिवस आहेत?"

"अठरा."

"मास्तर सही करतायत ना पण."

"मास्तरांना करू दे. मी कशी करू?"

यावर उत्तर सासूबाईंनी दिलं. "पोरं चंद्र बघणार. चंद्राला काय, जरा वाकडा दिसला तरी चंद्रच," त्या म्हणाल्या.

"आई, पोरं एकदा चंद्र बघतील. मग तारा बघतील, आणि तो ठिपक्याऐवजी क्रूसासारखा दिसला की विचारतील, असा का? कोण सांगणार त्यांना? मी की चिमटा?"

दुसऱ्या दिवसापासून ताईंनी उजव्या अंगठ्याला दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळली आणि तो तळहाताला बांधून टाकला. जखम नव्हती. आता खास जागी दाबायचं नव्हतं. आरसा मोठ्या लादीवर पालथा घालून सगळीकडे सारखा घासायचा होता, सहा हात मारले की आरसा थोडा फिरवायचा, लादी उलट दिशेला फिरवायची, आपण एक पाऊल सरकायचं. गॅलरीत पाण्याच्या पिंपावर लादी मांडली होती आणि ताई पिंपाभोवती फिरायच्या, संध्याकाळी प्रयोगशाळेतून आल्यावर दोन तास. सगळीकडे सारखं घासत राहिलं तर एका जागी घातलेला पीळ हळूहळू विरतो. हळूहळू हा शब्द आरसे करणाऱ्यांनी सौम्यपणे वापरलेला आहे. अंगठा मात्र मोकळा असता तर त्याने आपणहून चढ शोधून दाब दिला असता. एकतीस वर्षांचं वळण चार दिवसांत जात नाही, म्हणून बांधलेला बरा.

समोरच्या इमारतीतून ते दृश्य रोज दिसायचं. तिथल्या एका बाईंनी सासूबाईंना खाली रस्त्यावर गाठून विचारलं, "तुमच्या सूनबाई पिंपाला प्रदक्षिणा का घालतात हो?"

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," सासूबाई म्हणाल्या. आयुष्यात सुनेसाठी त्या पहिल्यांदाच खोटं बोलल्या.

पहिल्या रविवारी एकोणऐंशी आले. बुधवारी ताईंना धीर धरवेना, काच हातांच्या उबेने गरम असतानाच त्यांनी पट्टे घेतले: एकाहत्तर. रात्री जेवल्या नाहीत. सकाळी काच थंड झाल्यावर तोच आरसा ब्याऐंशी निघाला. त्या दिवसापासून टाइमकीपरांनी एक वही केली: घासणं कधी संपलं, पट्टे कधी घ्यायचे, मधे किती तास. पाच तास भरल्याशिवाय ते ताईंना झोपायच्या खोलीत जाऊ देत नसत. "गाडी सुटायला अजून चाळीस मिनिटं आहेत," ते दारात उभे राहून म्हणायचे. डेपोत हा सूर ऐकून ड्रायव्हर चिडायचे. ताई मुकाट्याने स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या.

दुसऱ्या रविवारी शहाऐंशी. उरले सहा दिवस. प्रयोगशाळेतल्या कामांचा ढीग वाढला. ताई सकाळी सहाला तिथे जाऊ लागल्या म्हणजे संध्याकाळचे दोन तास सुटणार नाहीत. मास्तरांचा फोन आला. "ताई, सावली मी परत परत आठवून बघितली. मला खरंच काही दिसलं नव्हतं."

"दिसणारच नव्हतं, मास्तर. तुमचा डोळा चांगला आहे. चूक डोळ्याची नाही."

"मग मी तेवीस वर्षांत जे पास केले त्यांचं काय?"

"आणा एकेक," त्या म्हणाल्या. "पण तीस तारखेनंतर."

तीस तारखेला शाळेच्या विज्ञानाच्या वर्गात खिडक्या बंद करून मास्तरांच्या झोळीत आरसा ठेवला. हेडबाई जातीने हजर होत्या आणि नीट दिसावं म्हणून आरशाच्या अगदी शेजारी उभ्या राहिल्या. लॅपटॉपच्या पडद्यावरचे पट्टे धुरासारखे वळवळू लागले.

"तुम्ही जरा बाहेर थांबाल का?" ताई म्हणाल्या. "तुमच्या अंगाची ऊब पट्ट्यांत येतेय."

हेडबाईंना त्यांच्याच शाळेत वर्गाबाहेर उभं राहायला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. त्या राहिल्या. मास्तरांनी स्वतः टिंब फिरवलं: वर, उजवीकडे, खाली, डावीकडे. प्रत्येक वेळी दहा मिनिटं थांबले, आणि तेवीस वर्षांचा नियम तीन वेळा मोडला. एक्क्याण्णव, नव्वद, एक्क्याण्णव, एक्क्याण्णव.

हेडबाईंना आत बोलावलं. त्यांनी कागद पाहिला. "मागे सत्त्याण्णव होते असं मी ऐकलं होतं. तीन आठवडे मेहनत करून मार्क कमी कसे झाले?"

"तेव्हा पेपर मीच काढला होता आणि मीच तपासला होता," ताई म्हणाल्या.

"आणि आता?"

"आता आरसा कसाही ठेवा, तेच उत्तर देतो."

"आणखी पंधरा दिवस दिले तर वाढतील?"

हा प्रश्न अवघड होता. वाढले असते. ताईंनी अंगठ्याची चिकटपट्टी सोडवून मुठीत चुरगाळली. "वाढतील थोडे. पण तीस म्हणाला होतात, आज तीस आहे. नव्वदाच्या वरचा आरसा आणि शंभराचा, पोरांना तारा सारखाच टोकदार दिसतो. मी सही करते."

कागदावर आकड्यासाठी एकच चौकोन होता. त्यांनी त्यात चारही आकडे बारीक अक्षरात बसवले, खाली सही केली. त्याखाली मास्तरांनी केली. त्यांना कागद डोळ्यांजवळ धरावा लागला.

हेडबाईंनी ड्रॉवरमधून टाइप केलेलं पत्र काढलं, बाजूला ठेवलं आणि तयार आरसे विकणाऱ्याला फोन लावला. "तुमच्याकडून मागवायचा होता तो आरसा आता नको. आमचा झालाय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. हेडबाईंनी कागदाकडे पाहिलं. "नाही, तुमच्याइतके नाहीत. नव्वद-एक्क्याण्णव. पण चारी बाजूंनी." मग थोडं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "तुमचा किती बाजूंनी तपासलेला असतो?"